समृद्धीच्या नावावर कारंज्यात प्लॉट अन् गाळा घ्यायचा का?

पुण्यातला_वऱ्हाडी

नमस्कार मंडळी. कारंजा म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, लाडांचं. वर्ध्याकडचं घाडग्यांचं नव्हे.

मी नोकरीला हिंजवडीत, आईबाबा गावात. जुनं घर दारव्हा वेशीच्या आत आहे, पण ते बाबा आणि दोन काकांच्या सामाईकात. त्यामुळं कोणीच हात लावत नाही, पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते. बाबा झेडपीचे निवृत्त शिक्षक, पुण्यात त्यांना करमत नाही. म्हणून गावातच प्लॉट घेऊन लहानसं घर बांधावं असं डोक्यात होतं. इथवर ठीक.

मग मामा मध्ये पडले. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजकडे (गाड्या चढतात-उतरतात त्या जागेकडे) जाणाऱ्या रोडवर नवा लेआउट पडलाय, जाहिरातीत 'समृद्धी टच' लिहिलंय. त्यातला 1500 स्क्वेअर फुटांचा प्लॉट घे म्हणतात. शिवाय एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावरचा गाळा घे, घरबसल्या भाडं येईल. आणि मामांचं स्वतःचं स्वप्न वेगळंच आहे: हायवेकडं फॅमिली गार्डन रेस्टॉरंट टाकू, मुंबई-नागपूरच्या गाड्या थांबतील, पैसा मी लावायचा आणि गल्ल्यावर ते बसणार.

कागद मागितले तर व्हॉट्सॲपवर रंगीत नकाशा आला. त्यात कारंजं आहे, जॉगिंग ट्रॅक आहे, सर्व्हे नंबर नाही. अक्षय्य तृतीयेच्या आत इसार दिला तर जुना भाव, नाहीतर वाढणार म्हणे.

गावात राहणाऱ्यांनी खरं सांगा. प्लॉट घ्यावा का, गाळ्याला भाडं मिळतं का, आणि गावात बाहेर जेवायला नेमकं जातं कोण?

तहसीलसमोर_झेरॉक्स

भाऊ, माझं दुकान तहसीलसमोर. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन अर्ज. दिवसभर लोकांचे सातबारे अन् इसारपावत्या माझ्या काचेवरून जातात. कोणाचा कागद कोणाला सांगायचा नाही हा धंद्याचा नियम आहे, पण कागद कसा दिसते ते सांगायला हरकत नाही.

आधी समृद्धीचं पाहू. 701 किलोमीटरचा रस्ता. नागपूर ते शिर्डी 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, इगतपुरीपुढचा शेवटचा तुकडा जून 2025 मध्ये. दोन्हीकडून कुंपण, मोटारसायकलला बंदी. आता आपल्या भागातला शेतकरी फिरते कशावर? मोटारसायकलवर. त्याच्यासाठी समृद्धी म्हणजे खालच्या बोगद्यातून पलीकडच्या वावरात जायचं, बस. अन् कारवाला नागपूरहून निघाला की दोन तासांच्या आत आपल्या इंटरचेंजसमोरून निघून जाते. त्याला तेव्हा भूकही लागलेली नसते. तो कारंज्यात उतरते ते दत्तभक्तांच्या गुरुमंदिरासाठी, नाहीतर सासुरवाडीसाठी.

उलट आधीच बरं होतं. जुना औरंगाबाद-नागपूर रोड गावाला लागून जात होता. ट्रकवाले पंक्चरसाठी थांबत, चहा पीत, जेवत. त्या रोडवरचे ढाबे त्यांच्यावर चालत. समृद्धी सुरू झाली अन् तो माल वरून जाऊ लागला. हे मामांना विचारा, त्यांना आठवत असेल.

मग जमिनीचे भाव काहून वाढले? मोबदल्यामुळं. ज्यांची वावरं गेली त्यांच्या खात्यात सरळ खरेदीचे पैसे आले. वऱ्हाडातल्या माणसाच्या हाती एकरकमी पैसा आला की तो जमिनीतच टाकते. एकानं दुसऱ्याचा प्लॉट घेतला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा, अन् सगळ्यांना वाटलं बाहेरून कोणी घ्यायला येऊन राह्यलं. माझ्याकडं इसारपावत्या येतात, एकाच प्लॉटच्या, हाताहातानं फिरलेल्या. पूर्वी शंभराचा स्टॅम्प असायचा, ऑक्टोबर 2024 पासून 500 चा लागते. खरेदीखत मात्र मधल्या कोणाच्याच नावचं नाही. जो शेवटी उभा असते त्याच्या गळ्यात ते पडते.

आता तुमच्या रंगीत नकाशाकडं या. सर्व्हे नंबर, किंवा गट नंबर, आधी मागा. मग सरकारच्या महाभूलेख साइटवर सातबारा स्वतः काढा, एजंटनं दिलेला नाही. क्षेत्राच्या रकान्यात पाहा. तुमचा प्लॉट 1500 फूट, म्हणजे साधारण 139 चौरस मीटर. सातबाऱ्यावर सामाईक नावांची रांग असेल अन् कोणासमोर 0.01.39 असं काही लिहिलं असेल, तर ओळखा की वावराचेच तुकडे पाडून विकणं सुरू आहे. लेआउट खरा असेल तर अकृषक वापराचा (शेतीऐवजी घरांसाठी, एनएचा) कागद असते, मंजूर नकाशावर सहीशिक्का अन् क्रमांक असते, रस्ते अन् खुली जागा वेगळी दाखवलेली असते. त्या खुल्या जागेवरही पुढं प्लॉट विकलेले लोक माझ्या काउंटरवर येऊन रडले आहेत.

तुकडेबंदीच्या कायद्यात आपल्याकडं 2023 पासून जिरायतीला 20 गुंठे अन् बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, म्हणजे वावराचा त्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. 2025 मध्ये सरकारनं तुकड्यांना सूट दिली, एजंट लोक त्याच्याच बातमीचं कात्रण दाखवतात. ती सूट मागं होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी आहे. उद्या तुम्ही कराल त्या व्यवहारासाठी नाही.

अजून एक, अन् हे तुम्हाला पुण्यात कोणी सांगणार नाही. तुमच्या नावावर शेती नसेल तर शेतजमीन तुम्हाला घेता येत नाही हे सगळ्यांना माहीत असते. पण तिकडचे वकील तिकडच्या कुळकायद्याचं कलम 63 सांगतात. विदर्भाला 1958 चा वेगळा कुळकायदा आहे, आपल्याला त्याचं कलम 89 लागते. वकील इकडचाच धरा.

गाळ्याचं विचारलं. पहिल्या मजल्यावरचा गाळा घेऊ नका. एवढं सरळ सांगतो. गावातला गिऱ्हाईक जिना चढत नाही. तो मोटारसायकल दुकानासमोर लावते, स्टँडवरही घेत नाही, बसल्या बसल्या आवाज देते: "अरे, दोन किलो साखर दे." खालचे रस्त्यावरचे शटर उचलले जातात, वर ट्यूशनवाला, एखादी पॅथॉलॉजी लॅब, विम्याचा एजंट, अन् उरलेल्यावर 'भाड्याने देणे आहे'. तो बोर्ड उन्हानं पांढरा पडला की कॉम्प्लेक्स जुनं झालं समजायचं.

खालच्या गाळ्यालाही बारा महिने सारखा धंदा नाही. जूनमध्ये पैसा गावातून कृषी केंद्रात जाते: बियाणं, खत, अन् तेही बरंचसं उधारीवर. पोळ्यापर्यंत खिशात काही नसते. सोयाबीन घरात आलं की ऑक्टोबरपासून हालचाल, मग कपाशी, मग तूर. कापडवाला, सोनार, मोबाइलवाला, सगळ्यांचं वर्ष त्या चार महिन्यांत अन् पुढच्या लग्नसराईत निघते. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला तेव्हा गावात शोरूमसमोर हार घातलेल्या गाड्या उभ्या होत्या. 2024 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4892 होता अन् लोकांनी चार हजारांच्या आसपास विकलं. त्या दिवाळीत माझ्या शेजारचा कापडवाला दुपारी काउंटरवर डोकं ठेवून झोपलेला मी पाह्यला. त्याचं भाडं मात्र मालकानं सोडलं नाही. तुम्ही मालक झालात तर तुम्हीही सोडणार नाही, अन् मग तो दुकान सोडेल.

घर बांधायचं तर बांधा. गाळा अन् हॉटेल डोक्यातून काढा.

स्वप्नपूर्ती_कारंजा

मी एजंट नाही, आधीच सांगतो. पण वरचे झेरॉक्सवाले दादा फार निगेटिव्ह बोलतात. समृद्धीच्या इंटरचेंजजवळ नवनगरं होणार हे सरकारनंच जाहीर केलेलं आहे. गोदामं येतील, कोल्ड स्टोरेज येईल. ज्यांनी नागपूरच्या मिहान प्रकल्पाजवळ वेळेवर घेतलं ते आज कुठं आहेत पाहा. ज्यानं आज घेतलं तो कमावणार, ज्यानं विचार केला तो विचारच करत राहणार. इनबॉक्समध्ये या, साइट व्हिजिटला गाडी आमची.

तहसीलसमोर_झेरॉक्स

एजंट नाही, पण गाडी तुमची. बरं. नवनगराची घोषणा मीही वाचली आहे. तो आराखडा ज्या गटांवर आहे त्यांची यादी द्या अन् तुमच्या लेआउटचा महारेरा नंबर (प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा) इथंच सगळ्यांसमोर टाका. मी स्वतः प्रिंट काढून दुकानात लावतो, फुकट.

मुरूमगिट्टी

मी बांधकामावर सुपरवायझर आहे, मुक्काम मंगरूळपीर. कागदाचं दादांनी सांगितलं, मी जमिनीचं सांगतो, कारण ते कोणी विचारत नाही आणि घर बांधून झाल्यावर सगळे मला फोन करतात.

आपली काळी माती कपाशीला सोनं आहे, घराला वैरीण. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दुमजली वजनदार इमारत निदान तिला दाबून तरी धरते. तुमच्यासारखं बाबांसाठी बांधलेलं एकमजली हलकं घर ती दरवर्षी थोडं उचलते आणि थोडं सोडते. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. पुट्टी भरा, रंग द्या, पुढच्या मे महिन्यात तिथंच पुन्हा उघडते. गवंड्याला शिव्या बसतात, पण त्याची चूक असतेच असं नाही.

इसार द्यायच्या आधी प्लॉटवर एक खड्डा खणून घ्या. पाचशे फूट लांबच्या शेजाऱ्याच्या विहिरीवरून अंदाज बांधू नका, आपल्याच प्लॉटवर खणा. मुरूम किती खाली लागतो ते बघा. चार-पाच फुटांवर लागला तर नशीब. पाया मुरमात न्यायचा, पायाच्या बाजूनं काढलेली काळी माती परत न भरता बाहेरून मुरूम आणून ठोकून भरायचा, आणि खाली सगळीकडून प्लिंथ बीम बांधून घ्यायचा. घराभोवती तीन-चार फुटांचा उताराचा कोबा करा, म्हणजे छपराचं पाणी पायाशी मुरणार नाही. भिंतीला लागून झाड नको, मोठं तर नकोच. मुरूम दहा फुटांखाली गेला असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. तिथं अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेले खोल खांब) लागतात आणि ठेकेदार 'काही होत नाही' म्हणून साधे कॉलम टाकून मोकळा होतो.

आणि लेआउट ऑगस्टमध्ये बघा. अक्षय्य तृतीयेला सगळे लेआउट चांगलेच दिसतात, चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. ऑगस्टमध्ये तिथं मोटारसायकल चिखलात रुतते की नाही ते पाहा. रुतली तर ॲम्ब्युलन्सही रुतेल. बाबांचं वय बघता हे लिहिलं.

यार्डाजवळची_मावशी

मुलगा मोबाइलवर टाइप करून देऊन राह्यला, मी सांगते तसं.

दादा, मी बाजार समितीच्या यार्डाजवळ खानावळ चालवते. पोळी, भाजी, वरण, भात, ठेचा. पाटी नाही, गॅसजवळ उभं राहूनच सगळं. तुमच्या मामांना म्हणा एक हंगाम माझ्याकडं येऊन पोळ्या मोजा, मग गार्डन रेस्टॉरंट टाका.

बाहेर जेवते कोण? सोयाबीनच्या दिवसांत ट्रॅक्टर पहाटेपासून लागतात. लिलाव होईस्तोवर, काटा होईस्तोवर माणूस मालाजवळून हलत नाही. घरून भाकर आणली असेल तर माझ्याकडून फक्त कांदा अन् रस्सा घेते. त्याचा मी पैसा घेते, पण कमी घेते, कारण तोच माणूस चेक वटला की पोराला घेऊन येते अन् दोघं पोटभर जेवतात. हमाल लोक रोजचे. त्यांना वरण पातळ चालत नाही. तारखेच्या दिवशी कोर्टातले येतात, ते पटापट खाऊन जातात अन् भाजीला नावं ठेवतात.

गुरुमंदिराचे भक्त पुण्या-मुंबईचे फार येतात, खरं आहे. पण त्यांचं जेवण प्रसादाचं तिथंच होते. बाहेर ते चहा घेतात, पेढे घेतात, अन् कुठं स्वच्छ बाथरूम आहे का विचारतात. हे ध्यानात ठेवा बरं का, जेवणापेक्षा ते जास्त विचारतात.

गार्डन रेस्टॉरंटचं मी पाह्यलं आहे. झोपाळा, रंगीत दिवे, मेन्यूकार्डावर शंभर पदार्थ. वाढदिवस अन् लग्नाचा हंगाम असला की गर्दी. श्रावणात नॉनव्हेजवाले बंद, घरी उपास, मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, एका दिवसात मटणाची झुंबड अन् पुन्हा गणपतीत शांत. पनीर फ्रीजमध्ये पडून राहते. काजू करी मागणारा एक अन् सगळी तयारी दहा जणांची. मग आचारी पगारासाठी भांडून निघून जाते, तो राजस्थानचा नाहीतर ओडिशाचा असते, परत येत नाही.

सकाळी तर्री-पोहे, आलूबोंडा, दुपारी शेवभाजी, असं ठेवाल तर बसस्टँडकडं चालते. त्याला गार्डन लागत नाही, स्वच्छ टेबल अन् गरम तर्री लागते. पण ते सकाळी पाचला उठून करावं लागते, मामा उठतात का पाचला?

अन् तेलाचं बोलते, कोणी बोलत नाही. 2024 च्या सप्टेंबरमध्ये बाहेरच्या तेलावर सरकारनं ड्यूटी वाढवली. म्हणे शेतकऱ्याला भाव मिळेल. माझा तेलाचा डबा आठ दिवसांत महाग झाला. दारातल्या ट्रॅक्टरमधलं सोयाबीन मात्र होतं त्याच भावात. तोच शेतकरी माझ्याकडं येऊन म्हणते, "मावशी, भजी महाग केली तुम्ही." आता त्याला काय सांगू?

पुण्यातला_वऱ्हाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, मामा आठच्या आत उठत नाहीत, त्यामुळं रेस्टॉरंटचा विषय तुम्हीच मिटवलात.

महारेरा नंबर आणि अकृषक आदेश मी लेआउटवाल्याला मागितला. उत्तर आलं, "आपल्या माणसावर विश्वास नाही का?" म्हणजे कागदच नाहीत. तो प्लॉट सोडला.

आता घरी बोलताना बाबा वेगळंच म्हणाले. ते म्हणतात मला हायवेकडं नकोच, मला वेशीच्या आत ठेव, चालत गुरुमंदिरात जाता येतं, संध्याकाळी चार माणसं भेटतात. काका दोघंही बाहेरगावी स्थायिक आहेत, घरात कोणाला राहायचं नाही, हिस्सा सोडायला तयार आहेत असं तोंडी म्हणतात. दादा, हे कागदावर कसं आणायचं? खर्च किती?

तहसीलसमोर_झेरॉक्स

हे आधीच सांगितलं असतं तर माझं एवढं टायपिंग वाचलं असतं. बाबांचं बरोबर आहे.

पहिलं, भूमी अभिलेख कार्यालयातून त्या घराची आखीव पत्रिका काढा. पुण्याकडं तुम्ही प्रॉपर्टी कार्ड म्हणता तेच. त्यावर धारणेचा प्रकार लिहिलेला असते. जागा नझूलची (सरकारनं पट्ट्यानं दिलेली) निघाली तर पट्टा कोणाच्या नावानं अन् कधीपर्यंतचा आहे ते पाहा, नूतनीकरण थकलं असेल तर आधी ते. नझूलची ही भानगड अमरावती अन् नागपूर विभागातली आहे, पुण्याच्या मित्रांना विचारत बसू नका. स्वतःच्या मालकीची असेल तर काम सोपं.

पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असेल, बहुतेक तेच असते. मग आधी वारस नोंद. इथं लोक काकांची नावं लिहितात अन् आत्यांची लिहीत नाहीत. तुम्हाला आत्या आहेत का? असतील तर त्यांचाही हिस्सा आहे, सही त्यांचीही लागेल. गावात अर्ध्या सामाईक घरांचे दावे ह्याच एका नावासाठी चालू आहेत, अन् बहुतेक वेळा आत्याला घर नको असते, विचारलं नाही म्हणून राग असते.

वारस चढले की दोघा काकांचं अन् आत्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तुमच्या बाबांच्या नावे. पैसे न घेता, घरातल्या घरात सोडलं तर मुद्रांक नाममात्र लागते. पैसे देऊन करणार असाल तर ते खरेदीखतासारखं धरलं जाते, मग मुद्रांक पूर्ण. तोंडी तयार आहेत म्हणता, तर लवकर उरका. माणसं तयार असतात, सुना-जावई लागले की फाटे फुटतात.

दुय्यम निबंधकासमोर सगळ्यांना हजर राहावं लागेल, आधार-पॅन अन् दोन ओळखीचे साक्षीदार घेऊन. सगळे दिवाळीला गावात येत असतील, पण लक्ष्मीपूजन ते भाऊबीज ऑफिस बंद. भाऊबीजेनंतर एक दिवस सगळ्यांना थांबवा, सकाळी पहिला टोकन घ्या, जेवण मावशीकडं. मागच्या भिंतीचा फोटो मुरूमगिट्टी भाऊंना पाठवून ठेवा. जुन्या गावातल्या भिंती कधीकधी दोन फूट जाड असतात, ओल दिसते म्हणून पाडायची घाई करू नका.